कंचनचा दोष सापडेना

"मास्तरजी, दिवाळीनंतर कंचन शाळेत येणार न्हाई," माणकचंदशेठ म्हणाले आणि गुळाच्या ढेपेवरची माशी हाकलली.

मी त्यांच्या दुकानात शाळेसाठी खडू घ्यायला गेलो होतो. हातातली खडूची पेटी तशीच खाली ठेवली. कंचन त्यांची मुलगी, माझ्या चौथीच्या वर्गात पहिली.

"का हो शेठजी? एवढी हुशार पोर!"

"हुशार हाय, मान्य. पण रोज रडत घरी येऊन राह्यली. कुणी खेळायला घेत न्हाई, कुणी बाजूला बसू देत न्हाई. पोरगी भांडखोर हाय, असं एकदा गावात झालं की उद्या सगाईच्या वक्ताला तेच पुढं येतंय. त्यापेक्षा घरी बसंल. पापड लाटंल."

मी तीर्थपुरीच्या प्राथमिक शाळेत नवाच होतो. मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्षही झालं नव्हतं. ट्रेनिंग नुकतंच संपलं होतं, आणि मुलांविषयी आपल्याला सगळं कळतं असा माझा त्या वेळी पक्का समज होता. चौथीत एकतीस मुलं होती, त्यांत पाच मुली. कंचन गेली तर बाकीच्या चौघींचे बापही तोच विचार करणार, हे मला दिसत होतं. त्याहून जास्त वाईट वाटत होतं ते कंचनसाठी. एवढं वाचायची हौस असलेलं मूल मी तोवर पाहिलं नव्हतं. पुडीच्या कागदावरचंसुद्धा वाचून काढायची.

हेडमास्तर काझीसाहेब निजामाच्या काळापासूनचे. उर्दूत शिकलेले, उर्दूतच शिकवत आलेले आणि आता मराठीतून रिपोर्ट लिहिताना घामाघूम होणारे. मी त्यांना सगळं सांगितलं.

"पोरगी कुणाला मारती?"

"नाही साहेब."

"शिव्या देती? चोरी?"

"बिलकुल नाही."

"मंग झगडा कशाचा हाय?"

"तेच तर कळत नाही."

"मालूम करा, साळुंके. जल्दी करा. पोरगी गेली की इन्स्पेक्टर तुम्हाला न्हाई, मला विचारणार."

मालूम करायची पद्धत माझ्याकडे तयार होती. ट्रेनिंगला आम्हाला आत्मनिरीक्षण नावाचा प्रकार शिकवला होता. शब्द जड आहे, पण अर्थ साधा. आपण कसे वागतो आणि त्यानं दुसऱ्याला काय वाटतं, हे आपलं आपण पाहायचं. ज्या मुलाला हे कळतं त्याचं इतरांशी पटतं, असं सर सांगायचे. त्यासाठी दर शनिवारी प्रत्येक मुलानं स्वतःचा एक दोष वहीत लिहायचा. मला वाटलं, यात कंचनचा दोष तिच्याच हातानं कागदावर येईल. मग तो काढून टाकला की झालं.

शनिवारी मी मुलांना सगळं समजावून सांगितलं. नमुना म्हणून फळ्यावर एक वाक्य लिहिलं, 'मी लवकर चिडतो.' आणि पाणी प्यायला गेलो.

इथे मला कित्त्याबद्दल सांगितलं पाहिजे. अक्षर वळणदार व्हावं म्हणून मास्तर फळ्यावर एक ओळ लिहितात आणि मुलं ती जशीच्या तशी गिरवतात. तो कित्ता. आमच्या मुलांना फळ्यावरच्या ओळीचा दुसरा उपयोग माहीतच नव्हता. मी परत आलो तेव्हा वर्गात तीस मुलं लवकर चिडत होती. अगदी सुरेख अक्षरात. आमच्या वर्गात एक महादू होता, त्याच्या डोक्यावर कुणी बसलं तरी त्याला कळायचं नाही. तोही लवकर चिडत होता.

एकतिसावी वही कंचनची. तिनं लिहिलं होतं, 'मी खूप विचार केला. मला दोष नाही.'

एवढ्यावर भागलं असतं. पण वर्गाच्या वह्या तपासायचं काम मी कंचनलाच दिलेलं होतं. ती मॉनिटर. तिनं आपल्या कामात कसूर केली नाही. प्रत्येकाच्या कित्त्याखाली बारीक अक्षरात शेरा मारला होता. महादूच्या वहीत 'खोटे. हा चिडत नाही. हा झोपतो.' पाटलांच्या गिरजाच्या वहीत 'खोटे. ही रडते आणि नंतर नाही म्हणते.' नामदेवाच्या वहीत 'खोटे. हा गुरुजींची नक्कल करतो.'

मी ते शेरे तीनदा वाचले. एकही चुकीचा नव्हता. दहा वर्षांच्या मुलीला तीस मुलांचे तीस दोष दिसतात आणि स्वतःचा एकही दिसत नाही, याचं काय करायचं ते ट्रेनिंगला सांगितलं नव्हतं. वह्या मुलांच्या हातात पडल्यावर काय झालं ते सांगायला नको. गिरजा तर शाळा सुटायच्या आतच घरी निघून गेली. आधी कंचनशी निदान ती तरी बोलायची.

"तुमच्या इलाजानं बीमारी वाढली," काझीसाहेब म्हणाले.

मग मला दुसरी वाट दिसली. दुकानात कंचनचे आजोबा गादीवर बसलेले असत. त्यांना अगदी थोडंच ऐकू यायचं. घरातले सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत. कंचन रोज संध्याकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायची, तो समोरच्या शिंप्यालाही फुकट ऐकू जायचा. मला एकदम उजाडल्यासारखं झालं. पोरीला ओरडून बोलायची सवय झाली आहे, आणि मुलांना वाटतं ही रागावते! मी स्वतःवरच खूश झालो.

कंचनला बाजूला बोलावलं. "कंचन, तू फार मोठ्यानं बोलतेस. तुला माहीत आहे का?"

"न्हाई, गुरुजी."

"घरी ठीक आहे. इथे हळू बोलत जा. मग बघ."

तिनं मान डोलवली. दुसऱ्या दिवसापासून कंचन इतकी हळू बोलायला लागली की हजेरीला ती आहे की नाही ते कळेना. लंगडीच्या रिंगणाजवळ उभी राहून ती कुजबुजायची, "तुजा पाय टेकला. तू बाद." मुलं तिच्याकडे पाठ फिरवायची. फरक एवढाच की आधी ती ओरडत एकटी होती, आता कुजबुजत एकटी झाली. मी पार गोंधळून गेलो. रात्र रात्र जागलो वगैरे म्हणणार नाही, झोप यायची. पण सकाळी शाळेकडे पाय जड पडायचे.

अशात भाद्रपद आला. कंचनच्या घरी जैनांची संवत्सरी झाली. त्यांच्यात त्या वेळी एक रीत असते. वर्षभरात कुणाचं मन दुखवलं असेल तर हात जोडून क्षमा मागायची. लहानांनी मोठ्यांची आणि मोठ्यांनी लहानांचीही. त्याला ते खमतखामणा म्हणतात. दुसऱ्या दिवशी कंचन शाळेत आली ती पाटी-दप्तर ठेवून एकेका मुलापुढे हात जोडत निघाली. "खमतखामणा. माजं चुकलं आसंल तर माफ कर." आणि तेही मी शिकवल्याप्रमाणे हळू आवाजात.

मुलं बावरली. एकानं विचारलं, "कशाबद्दल गं?" कंचन तशीच पुढे सरकली. तिनं पुढच्यापुढे हात जोडले. शेवटी गिरजापाशी आली.

"कशाबद्दल?" गिरजानंही तेच विचारलं.

"तूच सांग ना. मी काय केलं?"

गिरजा म्हणाली, "तू काय केलं न्हाई. पण आमाला तू नको."

मी दारातच उभा होतो. कंचन माझ्याकडे आली. रडत नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "गुरुजी, सगळ्यांना इचारलं. कुणीच सांगून न्हाई राह्यलं. तुमी तरी सांगा, मी काय केलंय?"

एवढं आत्मनिरीक्षण शिकवणारा मी, आणि पोर समोर उभी राहून माझ्याकडेच मागते आहे, तर माझ्यापाशी एक शब्द नाही. मी तिला म्हटलं, "उद्या सांगतो." आणि उद्या काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं.

मधल्या सुट्टीत गिरजाला एकटीला विचारलं. "गिरजा, खरं सांग. मी रागावणार नाही. कंचन का नको?"

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "तुमीच म्हणता ना, गुरुजी."

"मी काय म्हणतो?"

"न्हाई सांगत मी."

आणि पळाली. आता माझा गोंधळ पुरा झाला. मी कंचनला कधी एक वाईट शब्द बोललो नव्हतो. उलट दिवसातून दहा वेळा तिचं कौतुक करत होतो.

शेवटी मला कंचनचा तो शेरा आठवला, 'हा गुरुजींची नक्कल करतो.' मी नामदेवाला उभं केलं. नामदेव म्हणजे खोडकर, पण निरीक्षण पक्कं.

"नामदेव, माझी नक्कल कर."

तो पांढराफटक पडला. "न्हाई, गुरुजी. मी कवाच करत न्हाई."

"करतोस. सगळ्यांना माहीत आहे. आज मीच सांगतो आहे. ही घे टोपी आणि ही घे फूटपट्टी. मी इथे तुझ्या जागेवर बसतो. मारणार नाही, शपथ."

मी खरंच त्याच्या जागेवर, तरटावर मांडी घालून बसलो. नामदेवानं टोपी घातली. ती त्याच्या कानांवर आली. जरा खाकरला. मग फूटपट्टी महादूकडे रोखून म्हणाला, "महादू, ऊठ. येत नाही ना? बस खाली. कंचन, तू सांग. शाब्बास! बघा! लाजा वाटू द्या जरा. एवढ्याशा मुलीला येतं आणि तुम्ही घोडे झालात."

सगळा वर्ग हसत सुटला. मीही हसलो. नामदेवाला चेव आला. पट्टी तळहातावर मारत तो येरझाऱ्या घालू लागला. "कंचन, कोण बोललं? नाव सांग. कंचन, त्याची पाटी बघ, चूक काढ. कंचन, मी येईपर्यंत कोण हललं ते लिहून ठेव. कंचनकडून शिका!"

'कंचनकडून शिका' हे शेवटचं सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. तालात. त्यांना ते पाठ होतं. कित्ता म्हणतात तो हाच. मी तो रोज घालून देत होतो आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

माझं हसू थांबलं. कंचनचंही थांबलं. ती नामदेवाकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी तिला वर्गात दुसऱ्याच्या चुका काढायला बसवलं होतं. ती तेच काम इमानदारीनं अंगणात, लंगडीत, वहीत करत होती. आपण मदत करतो आहोत असंच तिला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. मी तरटावरून उठलो तेव्हा कान तापले होते. मुलांना काही बोललो नाही. त्या दिवसापासून मॉनिटर आठवड्याला बदलायचा, एवढंच ठरवलं. पहिला मॉनिटर महादू. तो दुपारी झोपला, कुणाचीच तक्रार झाली नाही.

संध्याकाळी काझीसाहेबांना सांगितलं. त्यांनी दाढी कुरवाळली. "मंग आता?"

"मी जाऊन त्या मुलीची माफी मागणार आहे."

"मास्तर होऊन?"

"त्यांच्यात मोठेही मागतात, साहेब."

"जा," ते म्हणाले. "पण रिपोर्टात लिहू नका."

दुसरा दिवस नेमका बाजाराचा. दुकानात गर्दी होती. खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, शेठजी तराजूपाशी, आजोबा गादीवर, त्यांच्याजवळ कंचन. मी जरा कडेनं गेलो, हात जोडले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणालो, "कंचन, खमतखामणा."

शेठजींच्या हातातला तराजू तसाच राहिला. कंचन उठून उभी राहिली. तिला आदल्या दिवशी जो प्रश्न सगळ्यांनी विचारला होता तोच तिनं मला विचारला.

"कशाबद्दल, गुरुजी?"

"तुला मी दुसऱ्यांच्या चुका काढायला लावलं. तुझं नाव घेऊन बाकीच्यांना लाजवलं. म्हणून ते तुझ्यावर रुसले. तुझी चूक थोडी होती. माझी जास्त होती."

आजोबांना काहीतरी चाललंय एवढं कळलं. त्यांनी कानाला हात लावून मास्तर काय म्हणतात ते मारवाडीत विचारलं. "कांई केवे मास्तर?"

कंचन माझ्याकडे वळली. "गुरुजी, मोठ्यानं सांगा. दादाजींना ऐकू येत न्हाई."

मी इकडेतिकडे पाहिलं. मागे निदान वीस गिऱ्हाइकं होती, त्यांत तिघांची मुलं माझ्या वर्गात. शिंपीही मशीन थांबवून बसला होता. दुसरा इलाज नव्हता. मी घसा साफ केला आणि भर बाजारात माझा दोष सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओरडून सांगितला. आजोबांनी लक्ष देऊन ऐकलं, मग हात जोडले. कंचननं वाकून माझे पाय धरले. माझे डोळे भरून आले. मी ते लपवलं वगैरे नाही.

शेठजींनी तराजू खाली ठेवला. मग म्हणाले, "मास्तरजी, परीक्षा कवा असती चौथीची?"

"मार्चमध्ये."

"मार्चपर्यंत तर येऊ द्या मंग."

सोमवारी कंचन गिरजाकडे गेली. "मी तुज्या वहीत लिहिलं ना, त्याबद्दल," ती म्हणाली. गिरजा लगेच काही विरघळली नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी लंगडीत गडी कमी पडला तेव्हा तिनं कंचनला हाक मारली. खेळताना महादूचा पाय टेकला. कंचनचं तोंड उघडलं आणि तिनं ते मिटलं. मी खिडकीतून पाहत होतो. तिला त्याचा किती त्रास झाला तेही मला दिसलं.

हे सगळं कशानं जमलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी कौतुक थांबवलं म्हणून, तिनं नाव घेऊन चूक कबूल केली म्हणून, की नुसता गडी कमी होता म्हणून. कंचन चौथी पहिल्या नंबरानं पास झाली. मी ते वर्गात जाहीर केलं आणि पुढचं वाक्य तोंडातच ठेवलं.

शनिवारची दोषांची वही मी पुढे तीस वर्षं चालू ठेवली. दोन नियम बदलले. फळ्यावर नमुना लिहायचा नाही, आणि पहिली वही मास्तरांची. ती तपासायला मुलं पाळीपाळीनं बसायची. त्या वर्षी कंचनची पाळी आली, की मी जरा विचार करून लिहीत असे.