वहिनीचा पहिला दस्ता

आमची वहिनी कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरकडे आतल्या खोलीत बसून दिवसभर लोकांचे दात घासायची, जुळवायची. डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि ही बाई सरळ माझ्या वडिलांसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाबा, मला दस्ते कोरायला शिकवा."

माझ्या हातातला चहा सांडला, खोटं नाही सांगत. बाबा ठासणीच्या बंदुकांचे लाकडी दस्ते कोरतात, जुन्या पद्धतीच्या नेमबाजीचा शौक असलेल्या लोकांसाठी. सगळं हातानं; यंत्राचं नाव काढायचं नाही. स्वतःच्या मुलाला, म्हणजे माझ्या दादाला, त्यांनी एका बोथट पटाशीवरून हाकलून दिलं होतं. ते सुनेला शिकवणार? डोंबल!

पण बाबा म्हणाले, "एक दस्ता. पहिल्या बाराला फुटला, तर या जागेवरून उठायचं. मग रडायचं नाही."

"चालेल," वहिनी म्हणाली. मी आ वासून बघतच राहिले.

मला वाटलं, आठ दिवसांत पळेल. कसली पळतेय! बंदुकीच्या नळीला दिव्याची काजळी फासायची, लाकडात दाबून उचलायची, काळं उमटेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबा. माझं तर डोकं फिरलं असतं. वहिनीला हसू यायचं. "अगं, कवळीचं हेच तर असतं. रंगीत कागद चावायला द्यायचा, डाग पडेल तिथे घासायचं." हिवाळाभर दोघं खिडकीपाशी मुकाट बसायची आणि जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा.

एकच गोष्ट बाबा सारखी बजावायचे. नळीच्या मागे लोखंडाची चपटी शेपटी असते. तिच्या टोकामागे लाकडात कागदाएवढी फट हवीच. टोक टेकलं, तर बाराच्या धक्क्यानं ते पाचरीसारखं घुसतं आणि दस्ता चिरतो. आता कवळीत फट राहिली की गिऱ्हाईक बोंब मारतं, त्यामुळे वहिनीचा हात घट्ट बसवायलाच सोकावलेला. तिला ते माहीत होतं. म्हणून शेवटी तिनं विचारलं, "बाबा, फट पुरे ना?"

बाबांनी डोळे मिटून तिथे नख फिरवलं. "पुरे."

जो कोरतो त्यानंच पहिला बार काढायचा, हा बाबांचा नियम. मैदानावर वहिनीनं दस्त्याला गाल लावला, चाप ओढला. धडाम! धूर निवळला तर वहिनी खाली बसलेली, गालावरून रक्त, आणि दस्ता उभा चिरलेला. दादा "पाणी, पाणी" करत भलत्याच दिशेला धावला. मी तोंडाला येईल ते बोलले, बाबांना, बंदुकीला, सगळ्यांना.

नशीब, गाल नुसता फाटला होता, डोळा वाचला. वहिनी घरी आली. एप्रन सोडला, घडी घातली, पटाश्या पुसून ठेवल्या. "उठते मी, बाबा."

"असली कसली मेली अट!" मी ओरडले. बाबांचं लक्षच नव्हतं. फुटका तुकडा घेऊन ते खिडकीपाशी गेले. शेपटीचं टोक जिथे यायचं, तिथे काजळीचा ठळक डाग होता. टेकलेलंच होतं ते! बाबांनी नख फिरवलं. मग दुसरं बोट, मग तिसरं.

"इकडे ये," ते मला म्हणाले. "इथे उंचवटा लागतोय?"

"लागतोय की. चांगला खरखरीत आहे."

"मला नाही लागत."

ज्या बोटांवर आमचं घर चाललं, ती बोटं मेली होती आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. त्यांनाही नव्हता!

"'पुरे' असं मीच म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "मीच उठायला हवं." आणि खरंच आपल्या जागेवरून उठले.

"बाबा, असं काय करता!" वहिनी रडायलाच लागली.

"सूनबाई, या वर्षी माझ्या हातून गेलेले सगळे दस्ते परत मागव. पहिल्या बाराला टिकले म्हणून पुढे टिकतील असं नाही. त्यांच्यावर लोक गाल टेकवतात. एकेक तू तपास."

वहिनीनं डोळे पुसले आणि एप्रन पुन्हा बांधला. बाबा दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. तिथे एरवी गिऱ्हाईक बसतं.