दोरीवरचा निळा शर्ट

दोरीवर यांचा कंपनीचा शर्ट वाळतो आहे. निळा रंग अजून नवाकोरा दिसतो. शेजारी यांचा घरचा बनियन आहे, त्याची धुऊन धुऊन जाळी झाली आहे.

कंपनीचा शर्ट यांच्या अंगावर कधी जुना झालाच नाही. दर काही महिन्यांनी कंपनी यांना थोडे दिवस घरी बसवायची, शर्ट जमा करून घ्यायची आणि परत बोलावताना नवा द्यायची. हे म्हणायचे, "बघ, पुन्हा नवरदेव झालो." मी हसायची. थोरल्याच्या बारशाला शर्ट नवा होता आणि त्याच्या लग्नातही नवाच.

हे गेल्यावर मी विम्याचं विचारायला कंपनीत गेले. साहेब म्हणाला, "बाई, विमा सलग नोकरी असलेल्यांना मिळतो. तुमचे मिस्टर मागच्याच महिन्यात नवीन लागले होते." मी नुसती पदर धरून उभी राहिले. निघताना तो म्हणाला, "तेवढा शर्ट आणून द्या."

माणूस झिजलेला शर्टावर दिसू नये, म्हणून कंपनीवाले शर्ट बदलत होते. यांच्या खांद्यावरचे घट्टे मी तेल लावून चोळले आहेत. ते कुणी जमा करून घेतले नाहीत.

शर्ट मी देणार नाही. रोज धुते, रोज उन्हात टाकते. रंग पार उडाला की तो साडीवर घालून साहेबासमोर जाईन. बोलता मला तेव्हाही येणार नाही. पण यांचा एक तरी शर्ट जुना झालेला त्याला बघावा लागेल.