आईच्या घराचे दोन भाव

मी या ग्रुपवर सहसा लिहीत नाही. आज लिहिते आहे.

आई गेल्याला दीड महिना झाला. बल्लारपूरचं तिचं घर विकायचं आहे. दलालाने मला रेडी रेकनरचा कागद दाखवला होता. "बाई, सरकारी भाव बावीस लाख हाय. याच्यावर कोणी देत नाई." सरकारी कागद म्हणून मी हो म्हटलं.

आज अहेरीहून बदलून आलेल्या एक शिक्षिका त्याच्यासोबत घर बघायला आल्या. आईच्या फोटोला हात जोडून हळूच म्हणाल्या, "ताई, एकतीस लाख मले जमत नाई. काही कमी करा ना."

मी दलालाकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "बाजारभाव वेगळा असते, बाई. तो कागद तर रजिस्ट्रीच्या स्टॅम्पसाठी राह्यते."

"मग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमच्या घरी दुःख. म्हटलं, आकड्यांचा त्रास कशाला द्याचा."

मधले नऊ लाख कोणाकडे जाणार होते, हे विचारायचंही सुचलं नाही.

दलालाला परत पाठवलं. शिक्षिकाबाईंचा नंबर घेतला आहे. उद्या त्यांना फोन करून किती सांगू? तुम्ही आपल्या घराचा खरा भाव कोणाला विचारून ठरवला होता?