शुक्रवारचा धूर

ती घटना मला आजही आठवते, ती एका वासामुळे. शुक्रवारी संध्याकाळी बायको घरभर सांब्राणीचा धूप फिरवते आणि मी काहीतरी निमित्त काढून अंगणात जातो.

तेव्हा मी तंजावरच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. अशाच एका शुक्रवारी साड्यांच्या मोठ्या दुकानाच्या गोदामाला आग लागली. साड्यांच्या घड्या घालणारी एक बाई धुरात कोंडली. जीव वाचला, पण महिनाभर इस्पितळात पडून होती. गोदामात आगीची घंटा बसवलेली होती. ती वाजलीच नाही.

पंचनामा करताना जळक्या रेशमाच्या वासात सांब्राणीचाही वास येत होता. तो मी लिहिला नाही. शुक्रवारी आमच्याकडे दुकानादुकानात निखाऱ्यांवर सांब्राणी टाकून धूर फिरवतात. त्यात लिहायचं काय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "घंटा बघणारा इंजिनियर काल दुपारी आला होता. त्यानंच वायरी काढल्या." तासाभरात इंजिनियर माझ्यासमोर बसला होता. पस्तिशीचा, खिशात टेस्टर, शहरातल्या दहा-बारा दुकानांच्या घंटा नि कॅमेरे सांभाळणारा. आडनाव ऐकताच कळलं की हा आपल्यातलाच. मराठ्यांच्या राज्यात इथं येऊन राहिलेल्या घरांपैकी एकातला, माझ्यासारखा. हवालदाराच्याही ते ध्यानात आलं. "तुमचा माणूस का, सार?" त्यानं तमिळमध्ये हळूच विचारलं. ते मला झोंबलं.

"अण्णा," इंजिनियर आमच्या घरच्या मराठीत म्हणाला, "मी वायरीला हात लावलो नाही. पेटीत असकं राहतं, कोण कधी बंद केलं, कधी चालू केलं. ते काढून बघा."

असकं म्हणजे सगळं, आणि पेटी म्हणजे दुकानाच्या दाराशी लावलेलं घंटेचं यंत्र. दुकान ठाण्यापासून चालत दहा मिनिटांवर. मी तमिळमध्ये दरडावलं, "इथं तमिळमध्ये बोलायचं. पेटी तूच लावलीस, तिच्यात काय भरायचं तेही तूच ठरवलं असशील." हवालदार मान खाली घालून जबाब लिहू लागला. मी आपल्या माणसाला पाठीशी घालत नाही, हे त्याला पटलं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

इंजिनियरनं पेटीचं पुन्हा दोनदा सांगितलं. शेवटच्या वेळी तमिळमध्ये सांगितलं. मी त्याला अटक दाखवून कोर्टात उभा केला, रिमांड घेतला. जीपमधून उतरतानाचा त्याचा फोटो पेपरात आला.

चौथ्या दिवशी तिरुचीहून आगीच्या तपासणीचा तज्ज्ञ आला. सगळ्यात आधी त्यानं पेटी उघडली आणि नोंदी छापून माझ्या हातात दिल्या. म्हणाला, "या कुणालाच पुसता येत नाहीत." दर शुक्रवारी साडेपाचच्या सुमारास गोदामाची घंटा किल्लीनं बंद झालेली, पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू. त्या शुक्रवारी फक्त बंद झाल्याची नोंद होती.

किल्ली दुकानाच्या म्हाताऱ्या मॅनेजरकडे असे. कागद बघून त्यानं कबूल केलं. "धुरानं घंटा वाजते, गिऱ्हाईक पळतं. म्हणून धूप होईपर्यंत बंद ठेवायचो. त्या दिवशी लग्नाच्या साड्या घ्यायला माणसं आली आणि विसरलो. निखाऱ्याचं भांडंही आतच राहिलं." निनावी फोन त्यानंच केला होता. इंजिनियरनं त्याला दर भेटीत लेखी बजावलं होतं की घंटा बंद करू नका, धूप गोदामात नेऊ नका. ते सहीचे कागद इंजिनियरच्या पिशवीत होते. जप्तीच्या यादीत मी स्वतः त्यांना 'किरकोळ कागद' म्हटलं होतं.

इंजिनियर सुटला. सुटल्याची बातमी कुणी छापली नाही. ज्याला पोलिसांनी उचललं त्याच्या हाती दुकानाची राखण कोण देणार? एकेकानं त्याचं काम काढून घेतलं आणि वर्षाच्या आत त्यानं तंजावर सोडलं.

आपल्या माणसाशी जास्त कडक वागणं म्हणजे न्याय, असं मी नोकरीभर समजत होतो. खरं तर मला हवालदाराची भीती वाटली होती, आणि त्या भीतीपायी एक सरळ माणूस मी गावातून उठवला. दहा मिनिटं चालत जाऊन पेटी बघितली असती, तर तो अजून इथंच असता.

सुटल्यावर पिशवी न्यायला तो ठाण्यात आला, तेव्हा मी उठून उभा राहिलो. हवालदारासमोर मराठीत म्हणालो, "चुकलो रे मी. बैस, कापी पिऊन जा."

त्यानं एकेक अवजार यादीशी ताडून पिशवीत भरलं, पावतीवर सही केली.

"वेण्डाम सार," तो म्हणाला. नको, साहेब. तमिळमध्ये.