पुढची पोफळ

भूत, चकवा, राखणदार... अशा सदरांतले अनुभव चहाबरोबर वाचून हसण्यावारी नेणारा मी माणूस. बोर्ली पंचतनला शाळेत विज्ञान शिकवतो, दुसरं काय करणार! पण गेल्या मार्चपासून एक क्लिप माझ्या लॅपटॉपमध्ये आहे आणि ती मला स्वस्थ बसू देत नाही.

आमच्या पोफळीच्या वाडीत धाकूमामा वर्षानुवर्षं सुपारी उतरवायचे. एकदा वर गेले की खाली यायचं नावच नाही. शेंड्याशी बसून झाड झुलवायचं, पुढची पोफळ पकडायची आणि तिच्यावर जायचं... हे शूट करून ठेवायचं माझ्या फार मनात होतं. अडचण उजेडाची. दाट वाडीत दुपारी चारलाच तिन्हीसांज होते, मोबाइलमध्ये नुसत्या मुंग्या यायच्या. म्हणून ओळखीच्या फोटोग्राफरकडून दोन कॅमेरे आणले. एक साधा, दुसरा मोठ्या सेन्सरचा, कमी उजेडासाठीचा. दोन्ही एकाच स्टँडवर शेजारी लावायचे, एकच शॉट घ्यायचा आणि बरा वाटेल तो विकत घ्यायचा.

मामांची मुलगी वनिता आधीच म्हणाली होती, "सर, अण्णांना आता नीट दिसत न्हाय. चढवू नका हां."

मी मान डोलावली होती. पण मामाच म्हणाले, "मास्तर, तिचं काय ऐकता? एक खेप चढतो की." आणि मी... हो म्हटलं. माझाच हव्यास! त्याची लाज अजून वाटते.

मामा दुपारी चारला चढले, चार पोफळी फिरले, सुखरूप उतरले.

घरी क्लिप लावल्या. साध्या कॅमेऱ्यात काळोख, मामांचा गंजीफ्रॉक तेवढा हलतोय. दुसऱ्यात सगळं लख्ख. मामांनी झाड झुलवलंच नव्हतं! ते नुसता हात पुढे करून थांबले होते आणि पुढची पोफळ सावकाश त्यांच्याकडे वाकत आली. आजूबाजूची एकही झावळी हलत नव्हती. तिन्ही वेळा तेच.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप मामांकडे नेला. त्यांनी तो पार नाकाशी धरला. "मला काय दिसतंय ह्यात? तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. त्यांनी लॅपटॉप माझ्या हातात परत दिला.

"दादा असंल," ते म्हणाले. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, तरुणपणीच याच वाडीत पडून गेलेला. "मी बारका होतो, हात पोचायचा न्हाय. दादा पुढं जाऊन पोफळ माझ्याकडं वाकवायचा. आता दोन वर्षं झाली मास्तर, पुढची पोफळ मला दिसतच न्हाय. हात पुढं करतो... येते हातात."

तसाच उठून वनिताला सगळं सांगितलं. तिने चढताना पायात घालायची दोरी कुलपात टाकली. मामा आता ओट्यावर बसून असतात, माझ्याशी बोलत नाहीत.

तो मोठ्या सेन्सरचा कॅमेरा मी विकत घेतला. गेल्या आठवड्यात चारच्या सुमारास त्याच जागी लावला. वारा नाही, झाडावर कोणी नाही... विज्ञानाचा मास्तर ना, खात्री करून घ्यायची होती. काही मिनिटांनी दुसरी पोफळ, मामा आधी चढले होते त्या पहिलीकडे वाकली. वाकून तशीच थांबली, बराच वेळ. मग हळूहळू सरळ झाली.

कारण मला सापडलेलं नाही. मामांना हे सांगितलं तर ते कुलूप तोडून चढतील, म्हणून सांगत नाही. पण चार वाजले की मला वाडीकडे बघवत नाही. तिथे कोणीतरी धाकट्या भावासाठी पोफळ वाकवून थांबलेलं असतं, आणि त्याला थांबू नकोस म्हणून सांगायचं कसं, ते मला माहीत नाही.