मातीची वात
देवापुढची वात वळताना माझ्या बोटांना अजून हेंद्रेपाड्यातली ओली माती आठवते. माझी नोकरी नवी होती. नदीजवळच्या प्लॉटवर इमारतीचा पाया किती खोल घ्यायचा हे ठरवायला बोअर मारून खालचे थर काढले जात होते. आमच्या मॅडम ते तपासायच्या आणि मी शिकायचे. "वात वळून बघायची," त्यांनी सांगितलं होतं, "वळली तर चिकणमाती, मोडली तर रेती. शंका आली तर कण दाताखाली धरायचा, कचकचला तर रेतीच." दुपारी एक राखाडी थर वर आला, दिसायला लोण्यासारखा, वास शेवाळाचा. बिल्डरचा सुपरवायझर घाईत होता. "चिकणमातीच आहे मॅडम, लिहून टाका ना, बोअर इथेच थांबवू. मशीन आजच आनंदनगरच्या साइटवर पाठवायचंय." मॅडम पाठ फिरवून त्या थराशी वाकल्या. वळल्या त्या चिमूटभर माती घेऊनच, आणि ती माझ्या तळहातावर ठेवून नुसतं माझ्याकडे बघत राहिल्या. माझी वात वळता वळताच मोडली. कण दाताखाली धरला, तर कचकचला. "बारीक रेती आहे, मॅडम," मी चाचरत म्हटलं. त्यांनी मशीनवाल्याला बोटाने खूण केली, अजून खाली. मग त्या पाण्याच्या ड्रमापाशी गेल्या, चूळ भरली, आणि राखाडी पाणी बाहेर पडलं. "ऐकलंत ना?" त्या सुपरवायझरला म्हणाल्या, "ही सांगते तेच लिहायचं." आज लोक माझ्या शब्दावर पाया घेतात, तेव्हा मला तीच चूळ आठवते. उत्तर तोंडात धरून त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या.