विनोदच्या गॅरेजातला सॅम्युअल

सॅम्युअल गावित गेला तेव्हा नवापूरकडची अर्धी गावं हळहळली आणि उरलेल्यांनी विचारलं, तोच का, भर वरातीत नाचणाऱ्यांचे पाय थांबवणारा? तोच तो. दोन्ही खरं होतं.

चिंचपाड्याच्या रस्त्याला विनोद वळवीचं ट्रॅक्टर आणि मोटरपंप दुरुस्तीचं गॅरेज आहे. रविवारी चर्च सुटलं की सॅम्युअल थेट तिथं यायचा. इस्त्रीच्या पॅन्टला ऑइल लागू नये म्हणून पोतं अंथरून बसायचा आणि माइक ओढायचा. गिटार विनोदची, फुटक्या स्पीकरातून घरघरत निघणारी. सॅम्युअल गायचा इकडच्या मावची बोलीत, स्वतःची गाणी. रंगावली नदीच्या पाण्यात चंद्र विरघळला, मोहाचं झाड उठून बाजाराला निघालं, असलं काहीतरी. वर इको एवढा की पहिली ओळ विझायच्या आत दुसरी तिच्या अंगावर चढायची. सुरतेला शिकणाऱ्या कुणीतरी सांगितलं, याला सायकेडेलिक गॅरेज रॉक म्हणतात. सॅम्युअल म्हणाला, "गॅरेज विनोदचं. बाकीचं देवाचं."

पण लग्नात झाडं चालवून कसं भागणार? नाचणाऱ्यांना टिमलीचा ठेका लागतो. बँड विनोदचा, पिकअप गाडी विनोदची, आणि गायक असा. टिमली म्हणता म्हणता डोळे मिटायचा नि आपल्या नदीत उतरायचा. नवरदेवाचे मामा अंगावर धावून यायचे. दरवेळी विनोदच मध्ये पडायचा, हातापाया पडून निभावून न्यायचा. जीव होता त्याचा सॅम्युअलवर, यात खोट काढता येणार नाही.

होळी झाली की लग्नसराई. तिच्या तोंडावर इकडच्या सगळ्या बँडवाल्यांचं काम ठरलेलं असतं. कीबोर्डातलं मेमरी कार्ड पुसायचं आणि नव्या सीझनचे ताल भरायचे. जुनं कोणी ठेवत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या त्या होळीला सॅम्युअल काविळीने दवाखान्यात पडलेला होता. विनोदने दिनेश नावाचा नवा गायक धरला. त्याच्या गाण्यांचे ताल भरायला जागा हवी, म्हणून कार्ड पुसलं. त्या कार्डात गॅरेजातली सॅम्युअलची अकरा गाणी होती. लग्नांच्या व्हिडिओत तर नुसता गोंगाट. त्याचा धड आवाज कुठं होता तर तेवढाच. आणि विनोद ते विसरला नव्हता, बरं का. चांगलं ठाऊक होतं त्याला. बरा झाला की परत गाईल, त्यात काय एवढं, असं मनाशी म्हणत त्याने बटण दाबलं. चौथ्या दिवशी सॅम्युअल गेला.

त्याला जाऊन वर्ष झालं, त्या प्रार्थनेला कबरीवर दगड बसवायचा होता. आठ दिवस आधी सॅम्युअलची बायको योगिता गॅरेजात आली.

"विनोददादा, जेवणाआधी त्यांचं एक गाणं लावू या. प्रिस्किला आत्ताच पाच वर्षांची झाली, पोरीला बापाचा आवाज आठवेनासा झालाय. तुमच्याकडे आहेत ना गाणी?"

"आहेत ना वहिनी," विनोद म्हणाला.

पुसलीत, एवढंच सांगायचं होतं. योगिता रडली असती, दोन शब्द बोलली असती, आणि ते त्याने ऐकून घ्यायला हवं होतं. पण नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पठ्ठ्याने शटर ओढलं, इको चढवला आणि नदीचं गाणं सॅम्युअलसारखं नाकातून म्हणायला बसला. सतराव्या वेळी त्याचं त्यालाच खरं वाटलं, तेच त्याने कार्डात भरलं.

प्रार्थनेच्या दिवशी गाणं लागलं आणि योगिताने पदर तोंडाला लावला. सॅम्युअलला हसणारेही डोळे पुसत होते. प्रिस्किला स्पीकरला कान लावून बसली ती उठेचना. ते कार्ड त्याला योगिताच्या हातात द्यावं लागलं.

आता प्रिस्किला दहा वर्षांची आहे. यंदा नाताळला चर्चमध्ये पप्पांचं गाणं म्हणणार म्हणून गेल्या आठवड्यात ती सरावाला गॅरेजात आली. विनोदने गिटार धरली. चंद्राच्या ओळीत पोरीने मध्येच श्वास घेतला आणि विनोदचा हात तारांवर अडला. सॅम्युअल ती ओळ एका दमात म्हणायचा. तिथं दम तुटायचा तो विनोदचा, बिड्यांनी पोखरलेल्या छातीचा.

"तिथं श्वास घेऊ नको बेटा. तुझा बाप नाही घ्यायचा."

"घ्यायचे ना काका. कार्डात घेतलाय. मी रोज ऐकते."

मग कसं म्हणायचा तो? विनोदने डोळे मिटून आठवून पाहिलं. आठवला तो स्वतःचाच आवाज. पाच वर्षं त्या घरात, चर्चमध्ये, लोकांच्या मोबाइलवर तेच वाजत होतं, आणि त्याच्याही कानात आता दुसरं काही उरलं नव्हतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"तुम्ही विसरलात काका," प्रिस्किला समजुतीने म्हणाली. "म्हणून बघा, येईल."

मुद्दाम वेगळ्याच आवाजात म्हणता आलं असतं. घसा बसलाय, असंही सांगता आलं असतं. विनोदने इको चालू केला, माइक जवळ ओढला आणि तेच नाक, तोच तुटका दम, सगळं तसंच ठेवून ती ओळ म्हटली.

प्रिस्किलाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्पीकरकडे.

"कार्डात तुम्ही आहात?"

"हो."

"मग पप्पा कुठं आहेत?"